कॉलेजचं फुटबॉल मैदान राखायचं कसं, म्हणजे कोच टिकेल

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांतून दर जूनला ठरल्यासारखा फोन येतो. "फुटबॉलला कोणी चांगला कोच सुचवा हो, आमच्याकडे टिकत नाही." मी दोनच गोष्टी विचारतो. गेल्या वर्षी सराव किती वेळा रद्द झाला? आणि ते कोचला कधी कळलं? पहिल्याचं उत्तर कुणाकडे नसतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा "गेटवर आल्यावर" असंच असतं.

मानधन कमी असतं, हे खरं आहे. पण डी किंवा सी लायसन्स (फुटबॉल प्रशिक्षकाची सुरुवातीच्या पातळ्यांची प्रमाणपत्रं) काढलेला तरुण कोच कमी पैशांतही एक-दोन मोसम काढतो. पहाटेच्या अंधारात डोंबिवलीहून गाडी धरायची, ठाण्याला बदलायची, नेरूळला उतरायचं आणि मैदानात पोचल्यावर मंडपाचे वासे बघायचे, हे तो तीनदा सोसतो. चौथ्यांदा तासावर मिळणाऱ्या टर्फवर स्वतःची अकॅडमी काढतो. जाताना तुमची चार चांगली पोरंही सोबत नेतो, आणि त्यात मला त्याची चूक वाटत नाही.

कॉलेजं चुकतात ती क्रमात. आधी लॉन, मग गोलपोस्ट, मग कोच, आणि मैदान कुणी कधी वापरायचं हे जमलं तर शेवटी. नियम नसलेल्या मैदानावर लावलेलं गवत पहिल्या लग्नात जातं. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. हे सगळं मातीच्या आणि गवताच्या मैदानांसाठी आहे. कृत्रिम टर्फला पाणी-गवताचे टप्पे लागू नाहीत, कागद आणि वेळापत्रकाचे मात्र तंतोतंत लागू आहेत.

टप्पा १ : मैदान नक्की कुणाचं, ते कागदावर बघा

कार्यालयातून ही कागदं मागून घ्या : नवी मुंबईत सिडकोचा भाडेपट्टा करार, ठाण्यात मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आणि विकास आराखड्यात त्या भूखंडावर काय दाखवलंय त्याची प्रत. झेरॉक्स काढून एका फाइलमध्ये लावा. वाचताना तीन गोष्टींवर पेन्सिलीने खूण करा.

१. मैदान कॉलेजच्याच भूखंडात आहे की वेगळ्या अटींवर मिळालेलं आहे?
२. बाहेरच्यांना वापरू द्यायचं बंधन आहे का, असल्यास कोणत्या वेळेत?
३. भाड्याने देण्याची परवानगी मुळात आहे का, आणि त्यावर सही कुणाची लागते?

तिसऱ्या मुद्द्यावर बऱ्याच संस्थांची पंचाईत होते. लग्नाला मैदान देऊन पावत्या फाडलेल्या असतात आणि करारात तशी मुभाच नसते. असं निघालं तर तुमची बाजू आपोआप भक्कम झाली. गाजावाजा न करता प्राचार्यांसमोर तो परिच्छेद ठेवा.

मैदान महापालिकेचं असेल आणि कॉलेज फक्त वापरत असेल, तर वेळा लेखी मंजूर करून घ्या. "वीस वर्षांपासून आम्हीच खेळतोय" याला कागदावर किंमत नाही.

त्याच दिवशी टेप घेऊन मैदान मोजा. नियमानुसार मोठ्यांच्या मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. चारही बाजूंना पळायला निदान ३ मीटर मोकळे सोडा, उरलं ते तुमचं मैदान. ते ८० बाय ४५ भरलं तर तसंच सांगा. जाहिरातीत "फुल साइज ग्राउंड" लिहायचं आणि कोचने पहिल्याच दिवशी पावलं मोजून बघायचं, यापेक्षा वाईट सुरुवात नाही.

*तपासणी : फाइलमध्ये कागद, मोजमापाचं हातचं रेखाचित्र आणि तारीख आहे का? असेल तरच पुढे.*

टप्पा २ : चार आठवडे नुसती नोंद करा

या टप्प्यात कुणाला काही सांगायचं नाही, अडवायचं नाही. गेटवरच्या वॉचमनकडे शंभर पानी वही द्या. तारीख, वेळ, कोण आलं, कशासाठी, किती जण, गाडी आत आली का, एवढंच लिहायचं.

आमच्या वहीत फुटबॉलची पानं सगळ्यात कमी निघाली. रविवारचं टेनिस क्रिकेट, एनसीसीची परेड, संध्याकाळी कोपऱ्यातून फिरणारे ज्येष्ठ नागरिक, आणि परीक्षेच्या दिवसांत पेनल्टी एरियात ओळीने लावलेल्या दुचाकी. दुचाकीच्या स्टँडने पडलेली भोकं मी आयुष्यात पहिल्यांदा त्या वहीमुळे वाकून पाहिली. एकेक भोक रुपयाच्या नाण्याएवढं आणि बोटभर खोल होतं. पाऊस पडला की त्यात पाणी साचायचं आणि भोवतालची माती सुटायची.

नोंदीवरून आठवड्याचे तास काढा. आपल्याकडच्या साध्या गवताच्या मैदानाला आठवड्याला वीसेक तासांचा खेळ झेपतो, ओल असताना त्याहून बराच कमी. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, पण घासाघीस करायला एक आकडा हाताशी लागतोच. वहीत चाळीस तास दिसत असतील, तर गवताचा खर्च करू नका. आधी तास कमी करा.

टप्पा ३ : नकार देणारा माणूस ठरवा आणि नियम मंजूर करून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. पुढचं सगळं यावर उभं आहे.

मैदान मागायला येणारा कधीच परका नसतो. विश्वस्तांचा पुतण्या, नगरसेवकांचे कार्यकर्ते, शेजारच्या सोसायटीची नवरात्र, माजी विद्यार्थ्यांची क्रिकेट लीग. प्रत्येक जण "एकच दिवस" मागतो. प्राचार्यांना तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून नकाराची जबाबदारी कागदावर टाका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार संलग्न कॉलेजांत महाविद्यालय विकास समिती असते. तिच्या बैठकीत ठराव मांडा. मजकूर साधा असू द्या :

"सोमवार ते शनिवार सकाळी ६ ते ८.३० आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी ४ ते ६ मैदान फुटबॉल सरावासाठी राखीव राहील. या वेळेत अन्य वापरासाठी क्रीडा संचालक व फुटबॉल प्रशिक्षक या दोघांची लेखी संमती आवश्यक राहील. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात मैदान कोणत्याही समारंभासाठी दिले जाणार नाही."

कोचची सही त्यात असणं सगळ्यात महत्त्वाचं. त्याला अधिकार आहे असं तोंडाने कितीही सांगा, फॉर्मवर त्याच्या नावाचा रकाना नसेल तर त्याला कुणी विचारत नाही.

समारंभाला द्यायचंच असेल, तर अर्जाच्या मागच्या बाजूला या अटी छापा :

१. अर्ज किमान २१ दिवस आधी. त्यामुळे कोचला दुसरीकडे सराव लावायला वेळ मिळतो.
२. अनामत रक्कम भाड्यापासून वेगळी, आणि मैदान पाहून झाल्यावरच परत.
३. खेळाच्या रेषांच्या आत खुंटी, पहार, खिळा काहीही ठोकायचं नाही. मंडपाचे पाय वाळूच्या गोण्यांवर किंवा पाण्याच्या पिंपांवर बांधायचे.
४. टेम्पो फक्त कडेच्या ठरलेल्या वाटेने.
५. आचाऱ्याची भट्टी आणि भांडी घासण्याची जागा मैदानाबाहेर. तेलकट, साबणाचं पाणी गवतात गेलं की ते ठिगळ महिनोन्‌महिने भरत नाही.
६. रिकामं करण्याची वेळ तासासकट. "दुसऱ्या दिवशी" असं लिहिलं की डेकोरेटर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी येतो.

खुंटीची अट कशी आली तेही सांगतो. मी जिमखान्याचं काम पाहत होतो त्या कॉलेजात एका रिसेप्शननंतर मैदान झाडून चकाचक मिळालं. वरवर बघून मी अनामत परत केली. दोन दिवसांनी सरावात आमचा लेफ्ट बॅक स्लाइड करत गेला आणि ओरडला. मातीत जेमतेम नखभर वर राहिलेली लोखंडी खुंटी होती, वरचं टोक पहारीने ठोकून ठोकून पसरलेलं. गुडघ्याला सात टाके पडले. कोचने त्याला रिक्षात घालून नेलं, परत येऊन खुंटी उपटली आणि माझ्या टेबलावर ठेवली. बोलला काहीच नाही. त्या मोसमानंतर तो आला नाही.

*सावधान : समारंभानंतर मैदान डोळ्यांनी तपासू नका. जुन्या स्पीकरची चुंबकं बांबूला बांधा, दोन पोरांनी दोरीने धरून आडवं-उभं ओढत न्या. खिळे, बाइंडिंगची तार, स्टेपलच्या पिना सगळं चिकटतं. नंतर अनवाणी पायाने, अगदी सावकाश, एक फेरी. अनामत त्यानंतर.*

टेनिस क्रिकेटशी भांडू नका, इकडे ते हरणार नाही. फक्त खेळपट्टी मैदानाच्या मधोमध रोलर फिरवून करू देऊ नका. दगडासारखी झालेली ती पट्टी नेमकी सेंटर सर्कलमध्ये येते. कडेला मॅटवर जागा द्या. एनसीसीच्या परेडलाही पावसाळ्यात काँक्रीटचा भाग सुचवा, ते लोक सहसा ऐकतात.

टप्पा ४ : पाण्याची वाट, एप्रिल-मेमध्ये

नियम मंजूर झाले की मगच फावड्याला हात लावा. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि नवी मुंबईतली बरीच जमीन खाडीकाठची, भराव टाकून उंच केलेली. वर मुरूम, खाली चिकण. वरून कोरडी दिसते, आत पाणी अडून बसतं.

आधी परीक्षा घ्या. दोन गोलपुढे आणि मध्यभागी, असे तीन खड्डे खणा, ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. पाण्याने भरा, जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाभरात दोन बोटंही पाणी उतरलं नाही, तर तिथे निचरा नाही असं समजा. पहिल्या भरणीवरून निष्कर्ष काढू नका, एप्रिलमधली तहानलेली माती पहिलं पाणी गटागटा पिते.

मग उतार. मधून दोन्ही कडांकडे शेकडा एक उतार पुरतो. ६० मीटर रुंद मैदानात मधली रेषा कडेपेक्षा साधारण ३० सेंटिमीटर उंच. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन माणसं बास. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप साफ चुकतं, एवढं बघा.

कडेने चर खणा आणि तो पावसाळी गटाराला जिथे मिळतो तिथे जाळी बसवा. चर खेळाच्या रेषेला लागून नको, निदान ३ मीटर बाहेर आणि वर झाकण. उघड्या चरात पाय गेला की घोटा गेलाच.

नेहमीची चूक : डबकं दिसलं की त्यात डंपरभर लाल माती ओतणं. खालचं पाणी तिथेच राहतं आणि वर चिखलाचा आणखी एक थर चढतो. आधी थर फोडा, धुतलेली जाड वाळू मिसळा, मग सपाट करा.

टप्पा ५ : गवत, पहिल्या दोन-तीन पावसांनंतर

नर्सरीवाला शोभेचं लॉन गळ्यात मारेल. घेऊ नका. बागेतलं लॉन स्टडचा एक आठवडाही सोसत नाही. आपली हरळी घ्या. शेतकरी तिला शिव्या घालतात कारण ती मरत नाही, आणि आपल्याला तेच हवंय. तुडवली तरी जमिनीलगतच्या धावत्या कांड्यांतून ती परत पसरते. ऐरोली, घणसोलीसारख्या खाडीकाठच्या भागात बोअरचं पाणी खारट असेल, तर ते आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. क्षार फार निघाले तर पॅस्पालम जातीचं गवत विचारा, ते खारं पाणी हरळीपेक्षा चांगलं सोसतं.

कांड्या १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर टोचा, पायाने दाबा आणि मैदान बंद करा. खरोखर बंद. गेटला साखळी, आठ ते दहा आठवडे. याच काळात "पोरं बसून आहेत, निदान अर्ध्यावर खेळू दे" असा दबाव येतो. तो कोचकडूनही येईल, म्हणून पर्यायी जागा जूनच्या आधीच ठरवून ठेवा : जिमखान्याचा हॉल, शेजारच्या शाळेचं पटांगण, नाहीतर भाड्याचं टर्फ आठवड्यातून दोनदा. त्या भाड्याची तरतूद लॉनच्या अंदाजपत्रकातच करा.

कापणी एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. महिन्यातून एकदा दाताळ्याने दहा सेंटिमीटर खोल टोचणी, विशेषतः गोलपुढे.

*तपासणी : हातातला लांब स्क्रू ड्रायव्हर ओल्या जमिनीत सहज दहा सेंटिमीटर जातो का? अडत असेल तर आधी टोचणी. खत टाकून उपयोग नाही.*

टप्पा ६ : फक्की, गोल आणि स्टोअर

रेषा अंदाजाने मारू नका. कोपऱ्यात काटकोनासाठी दोरीला गाठी मारून ९, १२ आणि १५ मीटर बाजूंचा त्रिकोण ताणा. शेवटी कर्ण मोजा : १०० बाय ६० च्या मैदानात दोन्ही कर्ण ११६.६२ मीटर यायला हवेत. फरक पडला तर मैदान तिरकं आहे.

फक्कीला कळीचा चुना चालणार नाही. घाम आणि ओल लागली की तो त्वचा भाजतो, आणि डोळ्यात गेला तर विचारूच नका. खडूची पावडर घ्या. दुकानदार "सगळं एकच" म्हणतो, ते ऐकू नका.

गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. हलवता येणारे गोल असतील तर मागची आडवी नळी वाळूच्या गोण्यांनी किंवा जमिनीत रोवलेल्या अँकरांनी कायम दाबलेली हवी, सराव नसतानाही. मोकळ्या गोलच्या दांडीला पोरं लोंबकळतात आणि तो पुढे कोसळतो. यात जगभर मुलांचे जीव गेलेत, म्हणून इथे सवलत नाही.

आणि स्टोअर. बॉल, कोन, बिब, पंप ठेवायला मैदानाला लागून एक कुलूपबंद खोली, आणि तिची किल्ली कोचकडे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण सहाच्या सरावाला शिपाई पावणेसातला किल्ली घेऊन येतो, तोवर बावीस पोरं नुसती स्ट्रेचिंग करत उभी असतात. मुलींचा संघ असेल तर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोलीही त्याच वेळी उघडी हवी.

टप्पा ७ : कोचशी करार, मैदानासकट

आता कोचला बोलवा. मुलाखत केबिनमध्ये नको, मैदानावर घ्या. फाइल, वेळापत्रक, ठराव दाखवा आणि त्याला फेरी मारू द्या. चांगला कोच आधी गोलपुढची माती टाचेने उकरतो, मग बाकीचं बोलतो.

करारात या गोष्टी लिहा : राखीव तास, मैदान बंद असतानाच्या महिन्यांचं मानधन, पर्यायी जागा, आणि सराव रद्द करायचा असेल तर आदल्या रात्री ९ च्या आत निरोप कोण देणार त्याचं पद. पावसात खेळायचं की नाही, हे कोच ठरवेल. कसोटी सोपी : टाच रोवल्यावर ठशात पाणी चमकलं की सराव बंद. त्या दिवशी खेळलेला एक तास पुढचे दोन महिने भरून काढावा लागतो.

कोचचीही बाजू लिहा. गोलकीपरचा सराव रोज एकाच गोलपुढे घ्यायचा नाही, ड्रिल दर आठवड्याला वेगळ्या भागात हलवायच्या, खेळ संपल्यावर उखडलेली ढेकळं पोरांकडूनच बसवून घ्यायची. मी पाहिलेल्या मैदानांपैकी निम्मी लग्नांनी बिघडवली, उरलेली आमच्याच संघांनी.

*सावधान : क्रीडा संचालक आणि कोच यांच्यात कोणाचं काय, हे पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या. एकाचं स्पर्धांचे अर्ज, पात्रता, प्रवास; दुसऱ्याचं सराव आणि संघनिवड. मैदान शाबूत असून कोच गेले, अशा ठिकाणी मला बहुतेकदा हेच भांडण सापडलं.*

टप्पा ८ : दर सोमवारची दहा मिनिटं

कोच, क्रीडा संचालक आणि माळी, तिघांनी एक फेरी मारायची. वहीत तीनच रकाने : काय दिसलं, कोण करणार, कधीपर्यंत. वॉचमनची नोंदवही चालू ठेवा आणि महिनाअखेरीस रद्द झालेले सराव कारणासकट मोजा. तो आकडा विकास समितीच्या प्रत्येक बैठकीत वाचला गेला पाहिजे, शून्य असला तरी.

ऑगस्ट सरता सरता नवरात्रीचे अर्ज येऊ लागतात, डिसेंबरात स्नेहसंमेलनाचा स्टेज, परीक्षांना दुचाकी. या तारखा जूनमध्येच वर्षाच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून एक प्रत कोचला, एक गेटवर लावा. पार्किंगचा फलक परीक्षेच्या आठवडाभर आधी लावा. सकाळी गाड्या आत शिरल्यावर कुणी बाहेर काढत नाही.

तरीही कोच निघालाच, तर राजीनामा टेबलावर घेऊन विषय संपवू नका. त्याच्यासोबत एक फेरी मारा, तो बोट दाखवेल ते सगळं लिहून घ्या, आणि तो कागद नव्या कोचच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा.